वरच्या डेकचे जादा पैसे



सहलीहून परतल्यावर मुलांकडून सहलीचे वर्णन लिहून घ्यायचे, ही आमच्या मराठीच्या तासाची जुनी रीत. यंदाचे निबंध तपासून झाले, शेरे देऊन झाले. पण आठवीतल्या एका मुलीने बोटीत बसल्या बसल्या विचारलेला प्रश्न मनातून जाईना. तिच्या निबंधात तो नव्हताच. म्हणून आज तो तुमच्यापुढे ठेवतो.

आमची शाळा उर्दू माध्यमाची. मुले रिक्षावाल्यांची, गॅरेजात काम करणाऱ्यांची, घरी शिलाई करणाऱ्या आयांची. मुंबईची सहल ठरली तेव्हा एसटीची शालेय सवलत, ओळखीने मिळालेला मुक्कामाचा हॉल, पहिल्या दिवशीचे जेवण घरून, असा एकेक रुपया वाचवत हिशेब बसवला. छत्रपती संभाजीनगरच्या मुलांनी पाणी पाहिलेले असते ते हर्सूल तलावाचे, फार तर जायकवाडीचे. त्यामुळे समुद्र बघायचा आणि गेटवेवरून बोटीने घारापुरीला जायचे, यासाठी मुले दिवस मोजत होती.

काही पालक मात्र कचरत होते. १८ डिसेंबर २०२४ ला याच वाटेवर 'नीलकमल' बोटीला नौदलाची वेगवान बोट धडकली आणि १५ माणसे गेली. ८४ प्रवाशांची परवानगी असलेल्या त्या बोटीवर शंभराहून जास्त माणसे होती आणि बहुतेकांच्या अंगात लाइफ जॅकेट नव्हते. "आता नियम कडक झालेत, प्रत्येकाला जॅकेट मिळते," असे आम्हीच पालकसभेत सांगितले. त्या शब्दावर सह्या झाल्या.

बोटीत बसलो. धक्का सुटल्यावर एक जण पैसे गोळा करायला आला. वरच्या डेकवर बसायचे असेल तर जादा पैसे. वर वारा छान लागतो, फोटो चांगले येतात. आमच्या हिशेबात ते पैसे धरलेले नव्हते, म्हणून मुलांना खालीच बसवले. मग जॅकेटे आली. आधी वर गेली. खाली आमच्यापर्यंत पोहोचेतो मोठ्या मापाची थोडी उरली होती. "लहान मापाची नाहीत, मुलांचे हात धरून बसा, तासाभराचा तर रस्ता आहे," असे सांगून तो माणूस निघून गेला.

आणि आम्ही गप्प बसलो.

आता कबूलच करायचे तर, भीतीने नव्हे, संकोचाने गप्प बसलो. एसटीत सवलत, हॉलमध्ये सवलत, बोटीच्या तिकिटातही घासाघीस करून थोडी सवलत घेतली होती. सवलतीत आलेल्याने वर तोंड करून मागणे बरे दिसत नाही, असे कुठेतरी मनात बसलेले असते.

तेवढ्यात शेजारी बसलेल्या त्या मुलीने विचारले, "मॅडम, बोट बुडाली तर वरचे लोक आधी वाचतील का?"

आम्ही म्हणालो, "असे बोलू नये बेटा. जीवन-मरण अल्लाहच्या हातात आहे."

ती म्हणाली, "ते तर आहेच मॅडम. पण जॅकेट तर त्या काकांच्या हातात होते ना?"

घारापुरी पाहून सगळे सुखरूप परतलो, अल्हम्दुलिल्लाह. पण हे उत्तर घेऊन आम्ही घरी आलो. उंट आधी बांधायचा आणि मग तवक्कल करायचा, हे मुलांना आम्हीच शिकवतो. त्या दिवशी उंट बांधायचा राहून गेला होता.

पुढच्या आठवड्यात एका तासाला आम्ही फळ्यावर टायटॅनिकचे आकडे लिहिले. गणित आमचा विषय नाही, पण शेकडेवारी आठवीच्या मुलांना येते. सिनेमामुळे जहाजाचे नाव सगळ्यांना माहीत होते. १४ एप्रिल १९१२ च्या रात्री ते हिमनगाला धडकले आणि २ तास ४० मिनिटांनी बुडाले. त्यानंतर लंडनमध्ये सरकारी चौकशी झाली. तिच्या अहवालातले हे आकडे.

पहिल्या वर्गाचे प्रवासी ३२५, वाचले २०३. दुसऱ्या वर्गाचे २८५, वाचले ११८. तिसऱ्या वर्गाचे ७०६, वाचले १७८. जहाजावरचे नोकर-खलाशी ८८५, वाचले २१२.

मुलांनी भागाकार केले. शंभरातले पहिल्या वर्गाचे ६२ वाचले, दुसऱ्याचे ४१, तिसऱ्याचे २५. खलाशांचे २४. एक मुलगा म्हणाला, "मॅडम, हे तर पायऱ्यांसारखे उतरत गेले."

मग बायका आणि मुले वेगळी काढली. 'बायका-मुले आधी' असा त्या रात्री हुकूम होता, हे मुलांनी सिनेमात पाहिले होते. पहिल्या वर्गाच्या १४४ बायकांपैकी १४० वाचल्या. दुसऱ्या वर्गाच्या ९३ पैकी ८०. तिसऱ्या वर्गाच्या १६५ पैकी ७६, म्हणजे निम्म्याहून कमी. दुसऱ्या वर्गातली लहान मुले २४, चोवीसच्या चोवीस वाचली. तिसऱ्या वर्गातली मुले ७९, त्यातली २७ वाचली. ५२ गेली.

हा आकडा लिहिल्यावर वर्गात कुणी बोलेना. आमच्या त्या वर्गाचा पट जवळपास तेवढाच आहे.

पण आकड्यांनी सगळे सरळ होत नाही, हेही मुलांना दाखवायला हवे होते. पुरुषांचे बघा. पहिल्या वर्गाचे १७५ पैकी ५७ वाचले. दुसऱ्या वर्गाचे १६८ पैकी फक्त १४, आणि तिसऱ्या वर्गाचे ४६२ पैकी ७५. म्हणजे दुसऱ्या वर्गाच्या पुरुषांचे हाल तिसऱ्या वर्गाच्या पुरुषांपेक्षाही वाईट झाले. तेव्हा जादा तिकीट घेतले की जीव वाचलाच, असे नाही. तरी एकूण उतार खालीच जातो, हेही खरे.

मुलांनी विचारले, "दारात उभे राहून कुणी तिकिटे तपासली का?" तसा हुकूम कुणी दिल्याचे चौकशीत निघाले नाही. उलट, तिसऱ्या वर्गाशी जाणूनबुजून दुजाभाव झाला नाही, असेच अहवालात म्हटले आहे. ते लोक सामान सोडायला तयार नव्हते, जहाजावरून उतरायला नाखूश होते आणि त्यांच्या खोल्यांपासून वर यायला अडचणी होत्या, अशी कारणे दिली आहेत. पण लंडनच्या त्या चौकशीत तिसऱ्या वर्गाच्या एकाही प्रवाशाला साक्षीला बोलावले नव्हते. आमच्या शाळेत दोन मुलांचे भांडण झाले तरी आम्ही दोघांचे ऐकून घेतो.

मग हे झाले कसे? जहाजावर माणसे २,२०१. जीवरक्षक होड्या २०, त्यात जागा १,१७८. म्हणजे जवळपास निम्म्या माणसांना जागा नाही, हे बंदर सोडतानाच ठरलेले होते. आणि यात कायदा मोडलेला नव्हता. दहा हजार टनांच्या वर कितीही मोठे जहाज असो, १६ होड्या पुरेत, असा त्या काळचा ब्रिटिश नियम होता. टायटॅनिक ४६ हजार टनांचे. नियमाने मागितल्यापेक्षा चार होड्या जास्तच होत्या!

होड्या सगळ्यात वरच्या मजल्यावर. पहिल्या आणि दुसऱ्या वर्गाला तिथे जायला सरळ जिने होते. तिसऱ्या वर्गाच्या खोल्या खाली, जहाजाच्या दोन टोकांना. तिथून वर यायचे तर लांबलचक बोळ, वळणे, अडसर आणि ज्या भागात एरवी पाय ठेवायची मनाई, त्याच भागातून वाट. अमेरिकेच्या कायद्याने आजारांच्या भीतीपोटी या लोकांना इतरांपासून वेगळे ठेवायला सांगितले होते. कित्येकांना इंग्रजी येत नव्हते, पाट्या वाचता येत नव्हत्या. आपल्याला बोलावतील म्हणून कित्येक जण खाली थांबून राहिले. तिकडे वर पहिली होडी सुटली तेव्हा ६५ जणांच्या जागेत २८ माणसे होती.

पुढची गोष्ट आम्ही मुलांना दोनदा सांगितली. तिसऱ्या वर्गाचा जॉन हार्ट नावाचा एक नोकर होता. तो खाली गेला, पंचवीस-तीस बायका-मुलांना गोळा करून त्या बोळांतून वाट दाखवत होड्यांपर्यंत घेऊन आला. मग परत खाली गेला आणि दुसरा गट आणला. तो काही मोठा अधिकारी नव्हता. त्याला वाट माहीत होती आणि तो परत खाली गेला, एवढेच. त्या दोन गटांतल्या माणसांची तिकिटे तिसऱ्याच वर्गाची होती.

यावर मागच्या बाकावरून एक जण म्हणाला, "मॅडम, ते गोऱ्यांचे जहाज. आपल्यात असे नसते. आपल्यात मशिदीत सगळे एका सफमध्ये."

आम्हाला आमच्या मरहूम नानी आठवल्या. त्या हजला गेल्या तेव्हा या शहराला औरंगाबाद म्हणत आणि मुंबईहून हजची जहाजे सुटत. ती १९९५ पर्यंत सुटत होती. तुमच्याही घरात त्या प्रवासाच्या आठवणी असतील. आधी साबू सिद्दीक मुसाफिरखान्यात मुक्काम, मग मुघल लाइनचे जहाज, पत्र्याची ट्रंक, भाजलेले चणे, लोणच्याची बरणी. नानी डेकच्या तिकिटावर गेल्या. वर केबिनवाल्यांचा वर्ग वेगळा होता. नानी सांगायच्या, यलमलमच्या मीकातला जहाजाचा भोंगा वाजला आणि सगळ्या पुरुषांच्या अंगावर एहरामच्या त्याच दोन चादरी आल्या. "कपडा एक झाला बेटा, पण जिना वेगळाच राहिला." त्या हे हसत सांगायच्या. तक्रार म्हणून कधीच नाही.

हाजींच्याच जहाजाची एक जुनी हकीकत मुलांना सांगितली. 'जेद्दा' नावाची आगबोट जुलै १८८० मध्ये सिंगापूर आणि पिनांगहून जेद्द्याकडे निघाली. तिच्यावर जवळपास एक हजार हाजी होते, त्यात बायका आणि मुलेही होती. जहाज सिंगापूरच्या एका अरब मुस्लिम व्यापारी घराण्याचे, कप्तान आणि वरचे अधिकारी युरोपीय. आफ्रिकेच्या टोकाजवळ वादळात जहाजात पाणी शिरू लागले. एका रात्री कप्तान, त्याची बायको आणि बहुतेक अधिकारी एका होडीत बसून निघून गेले. दुसऱ्या जहाजाने त्यांना उचलून १० ऑगस्टला एडनला पोहोचवले. तिथे त्यांनी सांगितले, जहाज बुडाले, हाजी बुडाले.

दुसऱ्या दिवशी 'जेद्दा' एडनच्या बंदरात हजर! मागे राहिलेल्या हाजींनी पाणी उपसत जहाज तरते ठेवले होते आणि 'अँटिनॉर' नावाच्या आगबोटीने ते ओढत आणले होते. चौकशी झाली. कप्तानाचा परवाना तीन वर्षांपुरता काढून घेतला. पुढे जोसेफ कॉनरॅड यांनी याच घटनेवरून 'लॉर्ड जिम' ही कादंबरी लिहिली, म्हणून जगाला ती माहीत झाली. मालक मुसलमान होता, प्रवासी मुसलमान होते, सफर हजची होती. तरीही होडीत आधी कोण बसले, ते बघा. तेव्हा आपल्यात असे नसते, असे म्हणून सुटका नाही.

मग त्या मुलीने हात वर केला. आम्हाला वाटलेच होते. "मॅडम, पाणी तर सगळ्यांना सारखेच ना?"

हो, पाणी सारखेच. म्हणून शेवटची गोष्ट रामदास बोटीची सांगितली. आपली सहल गेली त्याच मुंबईच्या समुद्रातली. १७ जुलै १९४७, स्वातंत्र्याला महिनाही उरला नव्हता. त्या दिवशी आषाढी अमावास्या, आणि रमजानही तोंडावर आला होता. 'रामदास' सकाळी भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघाली. आत सणाला गावी जाणारे लोक खच्चून भरलेले. पावसाळी समुद्रात काश्याच्या खडकाजवळ बोट कलली आणि काही मिनिटांत उलटली. सहाशेहून जास्त माणसे गेली. बोटीवर बिनतारी यंत्र नव्हते, त्यामुळे मुंबई इतकी जवळ असूनही तिथे बातमी पोहोचायला कित्येक तास गेले. ज्यांना पोहता येत होते त्यातले काही तगले, आणि कोळ्यांच्या होड्यांनी जे हाताला लागले त्यांना वर ओढले. ओढताना कोणाचे तिकीट कोणते, हे कोळ्यांनी विचारले नाही.

१९१५ मध्ये लुसिटानिया जहाज पाणतीराने अवघ्या १८ मिनिटांत बुडाले. तिथेही पहिल्या वर्गाच्या तिकिटाचा फायदा झालेला दिसत नाही. मोठमोठे धनवान गेले. जिथे मिनिटांत सगळे संपते, तिथे पाणी सगळ्यांना एका मापाने मोजते. टायटॅनिकवर मात्र २ तास ४० मिनिटे होती. समुद्र शांत होता. माणसांना वेळ मिळाला, आणि वेळ मिळाल्यावर माणसांनी आधी केलेली मांडणी कामाला आली. जिना कुणासाठी कुठे, अडसर कुठे, होड्या किती, सांगायला कोण आणि कुणाच्या भाषेत, ही सगळी मांडणी जहाज बांधताना झालेली होती. त्या रात्री ती फक्त उघडी पडली.

आम्ही त्या मुलीला म्हणालो, "तुझ्या प्रश्नाचे उत्तर आता देतो. बोट एकदम उलटली तर वरचे काय, खालचे काय, सगळे सारखेच. पण वेळ मिळाला तर ज्याच्या अंगात जॅकेट, ज्याला वाट माहीत आणि ज्याच्यासोबत सांगणारे माणूस, तो आधी वाचेल. बहुतेक वेळा हे सगळे वरच्यांकडे असते."

ती म्हणाली, "मग जॅकेट मागायचे काम कुणाचे होते, मॅडम?"

"आमचे," आम्ही म्हणालो. "आमचे चुकले."

चाळीस मुलांसमोर हे म्हणायला जड गेले. पण म्हटल्यावर बरे वाटले. मुलांनीही त्याचे काही मोठे केले नाही. उलट दोघा-तिघांनी लगेच पुढच्या सहलीची यादी करायला घेतली. ती यादी आम्ही थोडी दुरुस्त करून मुख्याध्यापकांकडे दिली आणि ती मंजूर झाली. इतर शाळांतल्या बंधू-भगिनींच्या आणि पालकांच्या उपयोगी पडेल म्हणून इथे देतो.

बोट असो वा बस, जितकी माणसे बसणार त्यांची नावे कागदावर लिहायची. एक प्रत शाळेत ठेवायची, एक सोबत. परवानगी किती माणसांची आहे ते चढण्याआधी विचारायचे, आणि गर्दी जास्त असेल तर पुढची बोट घ्यायची, तास गेला तरी चालेल. जॅकेटे धक्क्यावरच मोजायची. लहान मापाची नसतील तर चढायचे नाही. मुलांनी ती अंगात घालून पट्टे बांधल्यावरच बोटीत पाय ठेवायचा. दर पंधरा मुलांमागे एक मोठे माणूस, आणि बाहेर पडायची वाट त्याने आधी बघून यायची. सर्वात शेवटी, काही विचारायचे असेल तर मुलांनी मोठ्याने विचारायचे, लाजायचे नाही. ही ओळ मुलांनीच घातली आहे.

वरच्या डेकचे जादा पैसे या यादीत नाहीत. वारा खायला, फोटो काढायला ज्याला वर बसायचे त्याने जरूर बसावे, त्यात वाईट काही नाही. पण जॅकेट त्या पैशांत येत नाही. ते खालच्या तिकिटातच येते, आणि सवलतीच्या तिकिटातही येते. हे आम्हाला माहीत होते. त्या दिवशी धक्क्यावर म्हणता आले नाही.

पुढच्या हिवाळ्यात सहल पुन्हा समुद्राकडेच न्यायची, असा मुलांचा हट्ट आहे. पालकसभेत या वेळी आम्ही आधी हीच हकीकत सांगणार आहोत आणि मग सह्या मागणार आहोत. दुआ करा. पुढच्या महिन्यात भेटू, इन्शाअल्लाह.